शॉर्टवेव्हसाठी घराबाहेर तार ताणताना

अँटेनाची तार आणायला दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ रेडिओ हातात घेऊन घराभोवती फेरी मारा. रेडिओ सेलवर चालणारा हवा, चार्जरला लावलेला नको. वेळ साडेआठ-नऊची, म्हणजे दिवे, टीव्ही, राउटर सगळं सुरू असतं. ५ ते ६ मेगाहर्ट्झच्या दरम्यान जिथे एकही स्टेशन लागत नाही अशी जागा शोधा, आवाज थोडा वाढवा आणि चालायला लागा. आमच्या रत्नागिरीकडच्या घरी माजघरात नुसती घरघर होती, टीव्हीजवळ ती कर्कश व्हायची. अंगणात उतरलो तशी निम्मी झाली आणि परसात केळींच्या पलीकडे गेल्यावर उरली ती हलकी सळसळ. ही सळसळ आकाशातली, आधीची घरघर घरातली. जिथे घरघर सगळ्यात कमी तिथे एक काठी रोवून या. अँटेना तिथून सुरू करायचा.

या फेरीला अर्धा तास लागतो आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात. मीही टाळली होती. पहिल्या वेळी तीस मीटर तार घरावरून, कौलांना जवळजवळ टेकवून ताणली आणि खिडकीतून थेट रेडिओला जोडली. सिग्नलचा काटा शेवटच्या टोकाला, आणि ऐकू काय येतंय तर घरातले एलईडी दिवे. तार जितकी लांब तितकं चांगलं ही समजूत त्या रात्री गेली.

जुन्या माणसांना हे पटत नाही, आणि त्यांचं चूक नाही. त्यांनी घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली पाहिली आहे, दोन्ही टोकांना चिनी मातीचे गुंडे. त्या एरियलवर रेडिओ सिलोन खणखणीत यायचं. पण तेव्हा घरात विजेवर चालणारं होतं काय? दोन-चार पिवळे बल्ब आणि एखादा पंखा. आता बहुतेक एलईडी दिव्यांत, मोबाइलच्या चार्जरमध्ये आणि छतावरच्या सोलरच्या इन्व्हर्टरमध्ये सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारं सर्किट असतं. त्याची खरखर घरातल्या वायरिंगवरून थेट शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात येते. दुसऱ्या बाजूला स्टेशनं कमी झाली. रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये शॉर्टवेव्ह सोडलं, बीबीसी हिंदीने ३१ जानेवारी २०२० ला. बीबीसीची इंग्रजी सेवा, चीन, रोमानिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम, उत्तर कोरिया अशी बरीच उरली आहेत, पण ती ऐकायची तर घरातली खरखर घरातच ठेवता आली पाहिजे. खालची सगळी खटपट त्यासाठी आहे.

कुठला अँटेना

पुस्तकी उत्तर डायपोल. मधोमध रेडिओकडे जाणारी केबल, दोन्हीकडे सारख्या लांबीची तार, एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ३१ मीटर बँडसाठी, म्हणजे ९.६५ मेगाहर्ट्झच्या आसपास, ती पावणेपंधरा मीटर येते. पण डायपोल त्या एका बँडला जास्त मानवतो, आणि मधोमध लोंबणाऱ्या केबलचं वजन पेलायला दोन्ही टोकं भक्कम लागतात. सगळे बँड फिरवून ऐकणाऱ्याला मी उलटा एल सांगतो. तार खालून सरळ वर जाते, तिथे वळून आडवी होते, झालं. आमच्याकडे सहा मीटर उभी आणि बारा मीटर आडवी, एकूण अठरा. जागा नसेल तर चार अधिक आठ मीटरही चालते.

ही तार खालच्या टोकाला रेडिओकडे नेताना तिचा अवरोध (इम्पीडन्स) काही शे ओहम असतो, दर फ्रिक्वेन्सीला वेगळा. केबल ५० किंवा ७५ ओहमची. दोघांना जुळवायला मध्ये नवास एकचा (९:१) छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. तो कसा गुंडाळायचा ते पुढे येईल.

काय आणायचं

तार म्हणजे घराच्या वायरिंगची साधी तांब्याची, प्लॅस्टिकच्या आवरणाची, १ चौरस मिलिमीटरची. आवरण सोलायची गरज नाही, रेडिओ लहरींना त्याचा अडथळा होत नाही. उलट समुद्राजवळ उघडं तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं. ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिचे सांधे टिकत नाहीत.

इन्सुलेटरसाठी मी बरीच दुकानं पालथी घातली. विजेच्या खांबांच्या ताणाला असतात ते अंड्याच्या आकाराचे चिनी मातीचे गुंडे फार जड पडतात. शेवटी शेतीच्या दुकानात, जनावरांना विजेचा झटका देऊन रोखणाऱ्या झटका मशीनच्या कुंपणासाठी असतात ते प्लॅस्टिकचे इन्सुलेटर मिळाले. हलके, उन्हात टिकणारे, अगदी स्वस्त. तेही नसतील तर पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा घेऊन दोन भोकं पाडा.

दोरी काळ्या रंगाची, पॉलिएस्टरची. बाजारातली निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी एका उन्हाळ्यात पिठासारखी भुरभुरते.

केबलमध्ये एक मेख आहे. डिश टीव्हीसाठी वापरतात ती आरजी-६ रेडिओ ऐकायला उत्तम आणि गावोगाव मिळते, पण तिची बाहेरची जाळी ॲल्युमिनियमची असते. तिला कथील धरत नाही. मी एक अख्खी दुपार सोल्डरिंग गन घेऊन त्या जाळीशी भांडलो आहे. आरजी-६ घेतलीत तर दोन्ही टोकांना डिश टीव्हीला असतो तो एफ कनेक्टर लावा आणि ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर एफ सॉकेट बसवा. सोल्डरच करायचं असेल तर तांब्याच्या जाळीची आरजी-५८ आणा.

ट्रान्सफॉर्मर

फेराइटची कडी घ्या, एफटी-११४-४३ किंवा तिच्याहून मोठी एफटी-१४०-४३. पहिलीचा व्यास साधारण २९ मिलिमीटर, म्हणजे लहान बांगडीच्याही निम्मा. ४३ हा आकडा फेराइटच्या जातीचा आहे, तो बघून घ्या, दिसायला सगळ्या कड्या सारख्याच काळ्या. गुंडाळायला इनॅमलची तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. २४ गेजची अर्धा मीटर आणि पाव मीटर असे दोन तुकडे पुरतात, पण दुकानदार अर्धा मीटर मोजत बसणार नाही, सरळ शंभर ग्रॅम मागा.

लांब तुकड्याचे १२ वेढे, छोट्याचे ४. तार कडीच्या भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. तार नुसती एकदा आरपार गेली तरी तो एक वेढा झाला, इथे मोजणी हमखास चुकते. १२ आणि ४ म्हणजे तिप्पट वेढे, आणि अवरोध वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत बदलतो, म्हणून नऊपट. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना कुठेही जोडायच्या नाहीत. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तयार पेट्यांमध्ये त्या आतून जोडलेल्या असतात, मग घरातली खरखर केबलच्या जाळीवरून चढत थेट तारेत उतरते. वेगळ्या ठेवल्या की तिचा रस्ता बराचसा तुटतो.

टोकांवरचं इनॅमल ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने पूर्ण खरवडा, तांब्याचा गुलाबी रंग दिसेपर्यंत. १२ वेढ्यांचं एक टोक अँटेनाच्या तारेला, दुसरं अर्थच्या, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या सळीला. ४ वेढ्यांचं एक टोक केबलच्या मधल्या तारेला, दुसरं जाळीला. नंतर मल्टिमीटर लावून केबलच्या टोकाला मधली तार आणि जाळी यांच्यात मोजलंत तर जवळजवळ शून्य ओहम दिसेल. शॉर्ट झालं म्हणून घाबरू नका, ती गुंडाळीच आहे. अनंत दिसलं तरच काळजी करा, इनॅमल नीट निघालेलं नाही.

हा ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या पीव्हीसी जंक्शन बॉक्समध्ये बसतो, तीच आपली पेटी. सगळ्या वायरी खालच्या बाजूने आत घ्या, आणि तळाला काडेपेटीच्या काडीइतकं एक भोक ठेवा. पेटी कितीही बंद केली तरी पावसाळ्यात आत दमट हवा जाते, तिचं पाणी होतं, त्याला बाहेर पडायला वाट हवी. फटी सिलिकॉनने बुजवताना ट्यूब हुंगून बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांबं खातं.

खांब, झाड आणि दगड

आता पहिला नियम, आणि यात तडजोड नाही. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून अँटेना न्यायचा नाही. तार तुटून, झोका घेऊन, वाऱ्यावर उडून कुठेही गेली तरी विजेच्या तारेला लागता कामा नये, इतकं अंतर हवं. गावाकडे मीटरकडे येणारी सर्व्हिस वायर अंगणावरून जाते, तीही यात धरा. बांबू उभा करतानाही तो आडवा पडला तर कुठे पडेल ते आधी बघा.

काठी रोवली होती तिथे मी माणगा बांबू उभा केला, सात मीटरचा, बुंध्याला डांबर फासून. माणगा भरीव असतो म्हणून वाऱ्याला ऐकत नाही. लोखंडी पाइप वापरलात तर उभी तार त्याच्यापासून हातभर तरी लांब धरावी लागते, बांबूला ती भानगड नाही.

दुसऱ्या टोकाला कोकणात पहिला विचार माडाचा येतो. माड टाळा. तो डोलतो खूप, आणि झावळ पडली की तार गेलीच. वीजही माडावर हमखास पडते. आंब्याची जाड फांदी बरी.

फांदीवर दोरी चढवायची पद्धत अशी. बेचकी, मासे पकडायची तंगूस आणि गळाचं शिसं, ४०-५० ग्रॅमचं, लांबट. तंगूस जमिनीवर मोठ्या वळ्यांनी सैल पसरून ठेवायची, गुंडाळी हातात धरायची नाही. शिसं फांदीवरून पलीकडे पडलं की तंगुसाला सुतळी बांधून ओढा, सुतळीला खरी दोरी. पहिल्यांदा मी शिशाऐवजी अंगणातला दगड बांधला होता. तो फांदीच्या बेचक्यात अडकला आणि तंगूस तोडावी लागली. तो दगड अजून वरच आहे. झाडापलीकडे कोणी उभं नाही ना, हे दर वेळी बघा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

दोरी झाडाला करकचून बांधू नका. वाऱ्यात झाड एक हात हललं तरी ताठ तार तुटते. फांदीवर कपड्यांच्या दोरीची छोटी पुली टांगा, तिच्यातून दोरी खाली घ्या आणि टोकाला वाळू भरलेली एक लिटरची बाटली लटकवा. दीडेक किलो होतं, या तारेला तेवढा ताण पुष्कळ. झाड हललं की बाटली वरखाली होते, तार जागच्या जागी. बाटलीखाली पोरांना खेळू देऊ नका.

बांबूच्या डोक्यावर तार इन्सुलेटरमधून ओवून तशीच खाली पेटीपर्यंत आणा. कापून जोड देऊ नका. जितके सांधे कमी तितके पावसाळ्यानंतरचे प्रश्न कमी. लांबच्या टोकाला तार इन्सुलेटरमधून वळवून स्वतःभोवतीच सहा-सात पीळ दिले की झालं.

अर्थ

पेटीच्या पायथ्याशी एक मीटरची, तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा असलेली सळी जमिनीत हवी. घराच्या वायरिंगची अर्थ वापरायची नाही, सगळी खरखर तिच्यावरच असते. आमच्याकडे जांभा, हातोडी मारून सळी वीतभरही जाईना. मग मोरीचं पाणी सोडलेल्या केळीच्या आळ्यात घातली. तिथली माती बारा महिने ओली, सळी हाताने दाबूनच निम्मी गेली. ओली माती मिळाली तर तिच्यासारखं काही नाही, सळीत कोळसा-मीठ वगैरे घालायची गरज पडत नाही.

घरापर्यंत

केबल जमिनीवर मोकळी टाकू नका, उंदीर कुरतडतात. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपातून, वीतभर खोल. खिडकीतून आत घेण्याआधी तिला बाहेर खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळाला टपकेल, भिंतीतून आत येणार नाही. आत आल्यावर रेडिओजवळ मोठ्या फेराइटच्या कडीतून केबलचेच आठ-दहा वेढे घ्या. मला याने ४९ मीटर बँडवरची उरलेली घरघर कमी झाली.

रेडिओला बाहेरच्या अँटेनाचं भोक असेल, टेकसन कंपनीच्या बऱ्याच पोर्टेबलना ३.५ मिलिमीटरचं असतं, तर मधली तार पिनच्या टोकाला आणि जाळी मागच्या नळीला. भोक नसेल तर केबलच्या मधल्या तारेचे चार-पाच वेढे रेडिओच्या दांडीवर, आवरणासकट, थेट चिमटा न लावता. जुने व्हॉल्व्हचे सेट अजून चालवणाऱ्यांनी एक सांभाळा. काही स्वस्त सेटमध्ये विजेच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट विजेला जोडलेली असते. तसा सेट जाणकाराला दाखवल्याशिवाय त्याला अर्थ जोडू नका.

पूर्वी रेडिओ ऐकायला पोस्टात जाऊन लायसन्स भरावं लागे, ते गेलं. आता रेडिओवरून स्वतः बोलायचं असेल तरच हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा परवाना लागतो.

वीज

वळवाचे दिवस आणि परतीचा पाऊस, यात सगळी गंमत जाऊ शकते. ट्रान्सफॉर्मरची १२ वेढ्यांची गुंडाळी तारेला कायम जमिनीशी जोडून ठेवते, म्हणून कोरड्या वाऱ्याने साठणारा भार आपोआप उतरतो. पडणाऱ्या विजेपुढे तिचा काही उपयोग नाही, वीज अडवायला विकत मिळणाऱ्या अरेस्टरचाही भरवसा धरू नका. गडगडाट ऐकू यायच्या आत कनेक्टर सोडा आणि केबल खिडकीबाहेर टाका. मी मे महिन्यात ऐकणं संपलं की रोज सोडतो, दात घासण्यासारखं. पण वीज डोक्यावर आल्यावर सोडायला जाऊ नका, तेव्हा रेडिओ गेला तर जाऊ दे.

फ्लॅट असेल तर

सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा. गच्चीवर दिसेल अशी तार न सांगता लावली तर ती कपडे वाळत घालायला वापरली जाते. लिफ्टची मोटर आणि तिचं कंट्रोल पॅनल जिथे, त्याच्या विरुद्ध टोकाला दहा-बारा मीटर पुरे. अर्थला जमीन नाही आणि नव्या इमारतींत पाइपही प्लॅस्टिकचे, म्हणून सळीऐवजी पाच-सहा मीटर तार कठड्याच्या कडेने पसरून पेटीच्या अर्थला जोडायची. ती भार उतरवत नाही, तेव्हा विजेच्या दिवसांत जास्तच जपा. गच्चीला कठडा नसेल तर दुसरी जागा शोधा. संक्रांतीला मांजा अडकणारच, तो काढायला टाकीवर चढू नका.

पहिली रात्र

रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर आवाज ठेवून केबल लावा-काढा. लावल्यावर सळसळ थोडी वाढली पाहिजे. अजिबात फरक नसेल तर कुठेतरी तार तुटली आहे. घरघर वाढली तर पेटी घराच्या फार जवळ आहे किंवा जाळी कुठेतरी सुटली आहे. एकावर एक स्टेशनं ऐकू येऊ लागली, शॉर्टवेव्हवर मीडियम वेव्हची गाणी लागली, तर रेडिओला इतकं झेपत नाही. त्याच्यावरचा डीएक्स-लोकल (दूरचं-जवळचं) खटका लोकलवर टाका, नाहीतर तार तीन-चार मीटरने कमी करा.

दिवसा १३, १६, १९ मीटरचे बँड ऐका, अंधार पडला की २५ आणि ३१, मग रात्री ४१ आणि ४९. स्टेशनांची वेळापत्रकं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा, आणि ती मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात.

चाचणीला मी १० मेगाहर्ट्झ घेतो. तिथे चीनचं बीपीएम हे वेळ सांगणारं स्टेशन असतं, सेकंदाला एक टिकटिक. त्या पहिल्या रात्री ते इतकं स्पष्ट आलं की मी बायकोला आणि मुलाला बोलावून ऐकवलं. मुलाने रेडिओ घेतला, बटण फिरवलं आणि म्हणाला, बाबा, चीन ९ वर पण आहे. ७ वर पण होता. ५ वर तर जास्तच जोरात. मग लक्षात आलं, टिकटिक सेकंदाला एकपेक्षा किंचित संथ होती. शेजारच्या काकांनी रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन. त्याचा प्रवाह कुंपणाला टेकलेल्या ओल्या गवतातून गळत होता आणि प्रत्येक झटक्याला तिथे ठिणगी पडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांकडे गेलो, मशीन बंद करून घेतलं आणि कोयता घेऊन त्यांच्या कुंपणाखालचं गवत मीच कापून दिलं. रात्री १० मेगाहर्ट्झवर परत टिकटिक आली, पुष्कळ बारीक. ९ वर नव्हती.